परखी

दाणाबंदरात बावीस वर्षं तोलणार आहे मी.
पोत्याचं तोंड उघडून दाखवतात, तो माल मी बघत नाही.
परखी कुशीत खुपसतो, मग बुडाशी,
मग व्यापाऱ्याचा हात नकळत आडवा येतो तिथे.
शितावरून भाताची परीक्षा
ही घरातली म्हण आहे, बाजारातली नव्हे.

प्रांजली म्हणाली, मार्क आहेत, पण सायन्स नको.
इतिहास, तत्त्वज्ञान, जमलं तर नाटक,
सगळं एका ताटात वाढतात अशी तीन कॉलेजं काढलीत.
फी आधी नका बघू बाबा, कॅम्पस कल्चर बघायचं.
म्हटलं, ते कुठल्या पोत्यात असतं?
ती हसली.
मी गंमत करत नव्हतो.

पहिलं बेलापूरला, डोंगराच्या पायथ्याशी.
काचेची इमारत, आत माघातली थंडी.
कोट घातलेल्या एका पोरानं आम्हाला फिरवलं,
चढायच्या सरावाची खोटी भिंत दाखवली.
खरा डोंगर मागेच होता, तिकडे दार नव्हतं.
हिरवळ इंचभर उंचीची, तिच्यावर एकही पोर नाही.
झाडूवाल्या मावशींना विचारलं, तुम्ही पाणी कुठे पिता?
खाली, गाड्या लावतात तिथे आमचा माठ आहे, म्हणाल्या.
बुडाचा दाणा मिळाला.
मुठीत ठेवला, बोललो नाही.

दुसरं ठाण्यात, तळ्याजवळ.
सगळी आपल्यासारखी माणसं, मला एकदम बरं वाटलं.
मुलींच्या खोलीला कुलूप,
किल्ली कदमांकडे, कदम रजेवर.
फलकावर गेल्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेची सूचना,
खाली पेनानं कुणीतरी: निकाल कधी?
त्याखाली दुसऱ्या अक्षरात: हो ना.
फी माझ्या पगारात बसत होती.
मी दोनदा हिशेब केला, दोनदा बसली.
प्रांजली ते 'हो ना' वाचत उभी होती.

तिसरं ऐरोलीला, खाडीच्या बाजूला.
गच्चीवर सळ्या उघड्या, मजला राहिलेला.
वाचनालयात छताला ओल, खालच्या कपाटावर प्लास्टिक.
वॉचमन म्हणाला, दोन महिने पगार नाही साहेब.
साहेब म्हणाला, म्हणून लक्षात राहिलं.
पायरीवर एक बाई पोह्यांची बशी घेऊन मुलांत बसलेल्या.
एक पोरगा म्हणाला, मॅडम, तुमचं चुकतंय.
मला वाटलं, आता याचं नाव लिहून घेतील.
बाईंनी चमचा खाली ठेवला,
म्हणाल्या, कसं ते सांग.

मागे वळलो तर प्रांजली नाही.
पाण्याच्या टाकीमागे सापडली, एका अनोळखी मुलीसमोर.
ती तुर्भ्याची, दर्शना नावाची.
म्हणत होती, तुझ्या बापाचा बाजार
माझ्या आजाच्या शेतावर उभा आहे, त्याचं काय?
आणि माझी पोरगी, जी घरात मीठ कमी म्हटलं तरी रडते,
मान तिरकी करून म्हणाली, थांब, विचार करू दे.

वीस मिनिटं मी टाकीच्या सावलीत उभा.
बावीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी केला नव्हता,
मीही नाही.

कोपरखैरण्याला घरी येऊन निकाल दिला:
पहिला माल पॉलिशचा, दुसरा जुना पण खात्रीचा,
तिसरा ओला. घट धरावी लागेल.
तिनं विचारलं, ओल्या दाण्याचं काय होतं?
कुजतो, मी म्हटलं.
जेवून हात धुताना उरलेलं सांगावंच लागलं:
नाहीतर मोड येतात.

फॉर्म अजून फ्रिजवर आहे, तारीख शुक्रवारची.
वडिलांचा व्यवसाय, एवढाच रकाना तिनं भरलाय.
खिळ्याला टांगलेली परखी आज मी झटकून पाहिली.
तुरीचे दोन दाणे पडले,
कुठल्या पोत्यातले, सांगता येईना.